तैवानमधील शालेय विनिमय वर्ष: दिवस कसा जातो आणि चिनी कशी येते

नाशिकच्या एका पालकांनी विचारले आहे की, त्यांच्या मुलीची दहावीनंतर रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमातून तैवानसाठी निवड झाली असून ऑगस्टच्या अखेरीस ती ताइचुंगला जाईल, तेथील एका कुटुंबात राहील आणि वर्षभर उच्च माध्यमिक शाळेत बसेल. तिला चिनीचा गंधही नाही आणि घर शाकाहारी आहे. वर्गात काहीच कळत नसताना ती दिवसभर करणार काय, भाषा खरोखर येते का, जेवणाचे कसे होईल आणि जाण्यापूर्वी शिकवणी लावावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

अशा मुलामुलींना जाण्यापूर्वी चिनीचे प्राथमिक धडे देणे आणि ती तेथे असताना त्यांच्याशी व त्यांच्या घरच्यांशी बोलत राहणे हे माझे काम आहे, त्यामुळे या प्रश्नांतला पहिलाच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पालकांना ज्या तासांची सर्वाधिक चिंता असते, म्हणजे न कळणाऱ्या वर्गात नुसते बसून राहण्याचे तास, त्याच तासांत भाषेचा पाया पडतो. मात्र त्या तासांत हाताला काही काम असावे लागते. वर्ष वाया जाते ते वर्गात नव्हे, तर बाकाखाली धरलेल्या फोनमध्ये आणि इतर परदेशी मुलांच्या इंग्रजी गप्पांत.

आधी दिवसाची रचना समजून घ्यावी. तैवानमध्ये शालेय वर्ष ऑगस्टच्या अगदी शेवटी सुरू होते व जूनअखेर संपते. मध्ये चांद्र नववर्षाच्या सुमारास सुमारे तीन आठवड्यांची सुट्टी असते. मुले सकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान शाळेत पोहोचतात आणि चार किंवा पाच वाजता सुटतात. प्रत्येक वर्गाची स्वतःची खोली ठरलेली असते, शिक्षक बदलतात पण मुले जागेवरच राहतात, आणि एक वर्गशिक्षक वर्षभर त्या वर्गाचे पालकत्व करतो. पन्नास मिनिटांचा तास, दहा मिनिटांची सुट्टी, घंटेऐवजी लंडनच्या घड्याळमनोऱ्याची धून, तास सुरू होताना वर्गप्रमुखाने दिलेल्या ‘उठा, सावधान, नमस्कार’ अशा आज्ञा, आणि दुपारच्या जेवणानंतर दिवे मालवून बाकावर डोके टेकवून घ्यायची अर्ध्या तासाची सक्तीची झोप. ही झोप आपल्या मुलांना पहिल्या आठवड्यात विनोदी वाटते आणि दुसऱ्या महिन्यात ती तिची वाट पाहू लागतात.

या दिनक्रमात भाषा शिकण्याची सर्वांत चांगली जागा कोणती असे मला कोणी विचारले, तर मी सफाईची पंधरा-वीस मिनिटे असे सांगेन. तैवानच्या शाळांत वर्गखोल्या, जिने, मैदान आणि स्वच्छतागृहेसुद्धा बहुतांशी विद्यार्थीच साफ करतात. भिंतीवर कामाचा तक्ता लावलेला असतो. त्यात नावाऐवजी किंवा नावासोबत आसनक्रमांक असतो आणि पुढे काम लिहिलेले असते. नव्या विद्यार्थिनीने आयुष्यात स्वतःच्या गरजेपोटी वाचलेली पहिली चिनी ओळ बहुधा हीच असते: तेवीस क्रमांक, दुसऱ्या मजल्याचा जिना. सोबत काम करणारी मुलगी तिला ‘बादली इकडे दे’, ‘आधी झाड, मग पूस’, ‘प्लास्टिक या पेटीत, कागद त्या पेटीत’ असे सांगते. वाक्ये लहान असतात, वस्तू डोळ्यांसमोर असते, चुकीचा अर्थ लावला तर तो लगेच उघड होतो आणि हेच सगळे उद्या पुन्हा घडते. पाठ्यपुस्तकाला हे साधत नाही. म्हणून, स्वच्छतागृहाची पाळी आली म्हणून घरी कोणी हळहळू नये.

आता प्रत्यक्ष तासांबद्दल. दहावी चांगल्या गुणांनी झालेल्या मुलीने गणिताच्या तासाला पुढे बसावे, कारण तेथे फळ्यावरील चिन्हे तिला आधीच ठाऊक असतात आणि म्हणून शिक्षकांचे शब्द त्या चिन्हांना आपोआप चिकटत जातात. बरोबर, वजा, वर्ग, म्हणून, समजा, तुम्ही सांगा, फळ्यावर या, हे शब्द एका आठवड्यात इतक्या वेळा कानांवर पडतात की ते पाठ करावे लागत नाहीत. दोन अडचणी येतात त्या आधी सांगून ठेवतो. चिनीत अपूर्णांक वाचताना आधी छेद येतो आणि मग अंश. आणि मोठ्या संख्यांची मोजणी दहा हजारांच्या गटांनी होते, त्यामुळे आपला एक लाख तेथे ‘दहा वान’ आणि आपला एक कोटी ‘एक हजार वान’ होतो. लाख-कोटीत वाढलेल्या मुलीला याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि बाजारातील किमतींपेक्षा घरभाड्याच्या गप्पांत तिची जास्त तारांबळ उडते.

चिनी साहित्याचा तास याच्या उलट असतो. त्यात अभिजात चिनीतले उतारे असतात, जे तिच्या वर्गमित्रांनाही टीपांशिवाय समजत नाहीत. त्या तासाला समजून घेण्याचा अट्टहास सोडावा आणि चौकटींच्या वहीत अक्षरे गिरवावीत. बहुतेक शिक्षक याला हरकत घेत नाहीत, उलट जाता जाता रेघांचा क्रम सुधारून देतात. तैवानमध्ये पारंपरिक, म्हणजे न सुलभीकृत, अक्षरे वापरतात. त्यांत रेघा अधिक असतात, पण अक्षराचे घटक स्पष्ट दिसतात. पारंपरिक कोशांत २१४ मूलघटक धरलेले आहेत. त्यांपैकी पाणी, हात, झाड, बोलणे, मन, धागा असे रोज भेटणारे चाळीस-पन्नास ओळखता आले की नवे अक्षर चित्रासारखे न दिसता जोडाक्षरासारखे दिसू लागते.

इंग्रजीच्या तासापासून मात्र सावध राहावे. तेथे ती एका दिवसात वर्गाची लाडकी होते, शिक्षक तिच्याकडून उतारे वाचून घेतात, मुले तिच्यावर आपले इंग्रजी घासून घेतात, आणि ते नाते पक्के झाले की मधल्या सुट्टीतही तिच्याशी सगळे इंग्रजीतच बोलतात. यावर उपाय म्हणजे अदलाबदल: वर्गातील एकदोन मुलींशी आधीच ठरवावे की सकाळी चिनी आणि दुपारी इंग्रजी. शिवाय तेथील मुले विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षांच्या ओझ्याखाली असतात. अनेक जण शाळा सुटल्यावर थेट खासगी शिकवणीला जातात आणि रात्री नऊच्या पुढे घरी येतात. वर्गमैत्रिणी आपल्याला टाळतात असे आपल्या मुलींना सुरुवातीला वाटते, ते बहुतेकदा यामुळेच. मैत्री जमते ती शाळेतील मंडळांत, म्हणजे नृत्य, गिटार, स्वयंपाक, बॅडमिंटन अशा आठवड्याच्या ठरलेल्या तासांत. तेथे इंग्रजी उत्तम येणाऱ्या मुलांऐवजी बडबड्या मुलांच्या मंडळात नाव घालावे, असा माझा आग्रह असतो.

उच्चारांच्या बाबतीत मराठी मुलीला एक मोठा फायदा आहे आणि तो रोमन लिपीमुळे वाया जातो. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख असा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे, जो इंग्रजी बोलणाऱ्यांना महिनोन्‌महिने जमत नाही आणि आपल्याला जन्मापासून येतो. पण रोमन लिप्यंतरात अल्पप्राण ‘प’साठी ‘बी’ हे अक्षर आणि महाप्राण ध्वनीसाठी ‘पी’ हे अक्षर वापरतात. आपली मुलगी ‘पी’ पाहून सरळ ‘प’ म्हणते आणि ऐकणाऱ्याला तो दुसराच शब्द वाटतो. चिनीत शब्दाचा अर्थ आवाजाच्या चढउतारावरही ठरतो, आणि अशा चार ठरलेल्या चढउतारांना स्वर म्हणतात. ‘पाव’ तिसऱ्या स्वरात म्हटले तर पोट भरलेले, आणि तोच शब्द ओठांतून हवा सोडून म्हटला तर धावणे. जेवण झाल्यावर ‘माझे पोट भरले’ हे वाक्य रोज लागते, म्हणून ही जोडी मी पहिल्याच दिवशी करून घेतो. तसेच चाकातला दंत्य ‘च’ आणि चिमणीतला तालव्य ‘च’ हे दोन्ही चिनीत स्वतंत्र वर्ण आहेत. आपल्याला फक्त त्यांच्या जोडीला जीभ मागे वळवून काढायचा तिसरा शिकावा लागतो, आणि तैवानी लोक तो स्वतःच पुष्कळदा सौम्य करून बोलतात.

याच कारणासाठी तैवानमधील ध्वनिलिपी लवकर शिकून घ्यावी. तिला बोलीत ‘बोपोमोफो’ म्हणतात. तिच्यात ३७ चिन्हे आहेत, ती १९१८ मध्ये अधिकृत झाली आणि तैवानमध्ये पहिलीच्या मुलांना अक्षरांपूर्वी सुमारे दहा आठवडे तीच शिकवतात. तिची मांडणी उच्चारस्थानानुसार आहे: आधी ओठांचे वर्ण, मग दातांचे, मग कंठाचे. वर्णमाला पाठ असलेल्या मुलीला ती दोन आठवड्यांत सहज येते. तिचे फायदे दोन आहेत. एक म्हणजे फोनवर त्याच चिन्हांनी टंकलेखन करता येते, त्यामुळे वर्गाच्या लाइन गटात तिला लिहिता येते. तैवानमध्ये व्हॉट्सॲपची जागा लाइनने घेतलेली आहे आणि गृहपाठ, सहल, उद्या कोणता गणवेश घालायचा हे सगळे तेथेच ठरते. दुसरे म्हणजे मुलांच्या पुस्तकांत प्रत्येक अक्षराशेजारी ही चिन्हे छापलेली असतात. १९४८ पासून निघणारे ‘मँडरिन डेली न्यूज’ हे मुलांचे दैनिक पूर्णपणे असेच छापतात. यजमान घरात प्राथमिक शाळेतले भावंड असेल तर ते वर्तमानपत्र घरात असण्याची शक्यता असते, आणि ते भावंड हा सर्वांत चांगला शिक्षक ठरतो, कारण चूक दाखवताना त्याला संकोच वाटत नाही.

स्वरांबद्दल एकच गोष्ट सांगतो. चार स्वर वेगळे काढून दाखवणे कठीण नाही. कठीण आहे ते प्रश्न विचारताना. मराठीत प्रश्न विचारताना आपण वाक्याचा शेवट वर नेतो, आणि चिनीत तसे केले की शेवटच्या शब्दाचा स्वरच बदलतो. संकोचामुळे प्रत्येक वाक्य प्रश्नासारखे बोलणाऱ्या मुलींचे चिनी म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत कोणाला कळत नाही. ठाम आवाजात, थोडे सावकाश बोलावे.

शाळेबाहेरचे धडे रस्त्यावर मिळतात. कोपऱ्यावरचे न्याहारीचे दुकान सकाळी गर्दीचे असते. मालकीण तव्यावर अंड्याची पातळ धिरडी उलटत असते आणि वर न पाहता विचारते की, इथे खाणार की बांधून, तिखट चालेल का, सोयादूध गरम की गार, गोड की बिनसाखरेचे. हेच चार प्रश्न त्याच क्रमाने रोज येतात. पंधरा दिवसांनी ती प्रश्नाआधीच उत्तर देते आणि मग मालकीण पाचवा प्रश्न विचारते की, तू कोणत्या देशाची. संभाषण तेथून सुरू होते. चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांतही हाच प्रकार आहे.

त्या दुकानांत मिळणारी पावती फेकू नये. तैवानमध्ये दुकानांच्या पावत्यांवर आठ अंकी क्रमांक असतो आणि दर दोन महिन्यांनी, विषम महिन्याच्या २५ तारखेला, सरकार त्यांची सोडत काढते. सर्वांत मोठे बक्षीस एक कोटी तैवानी डॉलरचे आहे. व्यापाऱ्यांनी पावती द्यावी आणि कर चुकवू नये म्हणून ही योजना आहे. घरोघरी पावत्यांचा गठ्ठा ठेवतात आणि सोडतीनंतर कोणीतरी शेवटचे तीन आकडे मोठ्याने वाचते व बाकीचे शोधतात. हे वाचायचे काम आपल्या मुलीने मागून घ्यावे. तासाभरात शेकडो आकडे तोंडातून जातात, आणि आजी-आजोबांनाही तिच्याशी खेळायला एक विषय मिळतो.

आजी-आजोबांबद्दल एक इशारा. घरातील वडीलधारी माणसे आपसांत बहुधा तैवानी, म्हणजे होक्किएन, बोलतात. काही घरांत हाक्का असते. या दोन्ही शाळेतल्या चिनीहून वेगळ्या भाषा आहेत. चार महिने झाले तरी आजीचे बोलणे कळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलींना मी एवढेच सांगतो की, आजी चिनीत बोलतच नाहीत. संध्याकाळी मात्र आजींसोबत कचरा टाकायला खाली जावे. तेथे कचऱ्याची गाडी बीथोव्हेनची धून वाजवत ठरलेल्या वेळी येते, सगळी गल्ली पिशव्या घेऊन उभी राहते, आणि शेजारणी परदेशी मुलीची पुरेपूर चौकशी करून घेतात.

जेवणाबाबत पालकांची भीती अर्धी खरी आहे. तैवानमध्ये बौद्ध परंपरेमुळे शाकाहार ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. ‘सू’ या एका अक्षराची पाटी गल्लोगल्ली दिसते, अनेकदा तिच्याशेजारी बौद्ध स्वस्तिकही असतो, आणि तेथे कांदा-लसूणही वर्ज्य असतात. पाकीटबंद पदार्थांवर शुद्ध शाकाहारी, अंडे चालणारे, दूध चालणारे, दोन्ही चालणारे आणि कांदा-लसूण असलेले असे पाच प्रकार लिहिलेले असतात. अडचण येते ती यजमान घराच्या साध्या स्वयंपाकात: पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली, सूप हाडांचे, आणि कोबीत सुकी कोळंबी. ‘मी मांस खात नाही’ असे म्हटले तर माणसे प्रेमाने मांसाचे तुकडे वेचून काढतात आणि रस्सा तसाच वाढतात. म्हणून ‘मी सू खाते’ असेच म्हणावे. त्याचा अर्थ पूर्ण पोहोचतो. अंडे चालेल की नाही हे घरी आताच ठरवावे, कारण न्याहारी आणि बेकरी यांचे सगळे गणित त्यावर अवलंबून आहे. यजमान कुटुंबाशी पत्रव्यवहार सुरू होताच हे स्पष्ट लिहावे; रोटरीत वर्षात साधारणपणे दोन-तीन घरे बदलतात, तेव्हा प्रत्येक घराला पुन्हा लिहावे.

शाळेच्या डब्याची सोय चांगली असते. अनेक शाळांत डबे वाफवण्याची कपाटे आहेत: सकाळी स्टीलचा डबा वर्ग व क्रमांक लिहून त्यात ठेवायचा आणि दुपारी तो वाफाळलेला परत घ्यायचा. नाशिकहून दोन घट्ट झाकणाचे पण प्लास्टिकच्या कड्या नसलेले डबे न्यावेत. त्यात भात-भाजी उत्तम राहते. पोळीचा मात्र लगदा होतो.

मनाच्या पडझडीचा काळ बहुतेकांच्या बाबतीत दिवाळीच्या सुमारास येतो. नवलाई संपलेली असते, भाषा कानाला ओळखीची वाटते पण जिभेवर येत नाही, तेथे दिवाळी म्हणजे परीक्षेचा साधा दिवस असतो, आणि इकडे घरी सगळे फराळाला बसलेले दिसतात. या काळात पालक रोज व्हिडिओ कॉल करू लागतात आणि मूल दिवसभर त्या कॉलची वाट पाहू लागते. तैवान आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपल्याकडे संध्याकाळचे सहा म्हणजे तेथे साडेआठ, म्हणजे यजमान घरातल्या गप्पांची वेळ. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, असा वार ठरवावा आणि तो पाळावा. हे क्रूर वाटते हे मला ठाऊक आहे, पण ज्या घरांनी ते पाळले त्यांच्या मुलांची जीभ लवकर सुटली. मूल खरोखर संकटात असेल, घरात असुरक्षित वाटत असेल किंवा जेवण सुटले असेल, तर अर्थातच हा नियम मोडावा आणि यजमान रोटरी क्लबच्या समुपदेशकाला त्याच दिवशी कळवावे. त्यासाठीच तो नेमलेला असतो. आणखी एक गोष्ट म्हणजे भूकंप. १९९९ च्या मोठ्या भूकंपाच्या स्मरणार्थ दरवर्षी २१ सप्टेंबरला शाळांत सराव होतो. मुलगी त्या आधी पोहोचलेली असेल, त्यामुळे काय करायचे ते तिला शिकवले जाईल.

भाषा किती येते? रोटरीचे स्थानिक जिल्हे परदेशी मुलांसाठी चिनीचे वर्ग घेतात आणि ते उपयोगी असतात, पण त्यात सगळे परदेशी असल्यामुळे वर्ग सुटताच इंग्रजी सुरू होते. वर दिलेला दिनक्रम प्रामाणिकपणे पाळणारी मुलगी जूनपर्यंत घर, शाळा आणि बाजार यांतले बोलणे न अडखळता करते, गटातले संदेश वाचते आणि तैवानच्या टॉकफल या चिनी भाषेच्या परीक्षेचा ‘ए’, म्हणजे पहिला, गट आरामात पार करते. मेहनती मुली ‘बी’ गटाच्या पहिल्या पायरीपर्यंत, म्हणजे सहांपैकी तिसऱ्या पातळीपर्यंत, पोहोचलेल्या मी पाहिल्या आहेत. वर्तमानपत्र वाचणे किंवा चिनीतून महाविद्यालयीन शिक्षण घेणे हे एका वर्षाचे काम नाही. घोर निराशा होते ती फोनमध्ये अडकलेल्या मुलांची, आणि ती मुले हुशार नव्हती असे नाही.

शिकवणी लावावी, पण मर्यादित हेतूने. ऑगस्टपर्यंत बोपोमोफोची ३७ चिन्हे, स्वरांच्या जोड्या, शंभरपर्यंत आकडे, जेवणाची आणि ओळखीची वाक्ये, आणि पन्नासेक अक्षरे हाताने लिहिता येणे एवढेच पुरे. शिक्षक मुख्य भूमीच्या, म्हणजे चीनमधल्या, चिनीचे असतील तर ते रोमन लिप्यंतर आणि सुलभ अक्षरे शिकवतील. उच्चारासाठी ते चालेल, पण अक्षरे पारंपरिकच गिरवून घ्यायला त्यांना सांगावे, नाहीतर पहिल्या महिन्यात वहीतले आणि फळ्यावरचे जुळत नाही. तिने स्वतःचे चिनी नाव आधीच ठरवू नये. यजमान घर किंवा वर्गशिक्षक ते हौसेने ठेवतात.

आपण विचारलेले नाही, पण अकरावीचा प्रश्न आताच सोडवावा. तेथील वर्ष आपल्याकडील अकरावी म्हणून धरले जाईल असे गृहीत धरू नये. ती परत येऊन अकरावीत बसेल असेच नियोजन करावे. प्रवेश घेऊन रजा मागायची की परत आल्यावर प्रवेश घ्यायचा, याचे लेखी उत्तर महाविद्यालयाकडून आणि मंडळाकडून तिकीट काढण्यापूर्वी घ्यावे, आणि तेथून निघताना शाळेचे उपस्थितीचे प्रमाणपत्र व गुणपत्रक इंग्रजीत शिक्क्यासह मागून घ्यावे, कारण जुलैत तेथील शाळा बंद असते आणि नंतर ते मिळवताना पत्रव्यवहारात महिने जातात.